गच्चीवरचं लिंबू

पाइपच्या पाण्याने बोटांना चटका बसला तेव्हा कुठे पूर्णिमा भानावर आली. तोवर लिंबाची कुंडी काठोकाठ भरली होती.

शेजारच्या लक्ष्मीकाकूंनी दापोलीला माहेरी जाताना दहादा बजावलं होतं. "पाणी पहाटेच घाल गो. बंद गीझरमधलं, घरात गार राहिलेलं, बादलीने वर ने. टाकीच्या नळाला हात लावू नको."

आखातातल्या सनाबिसच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी म्हणजे उकळता चहाच! हे पूर्णिमाला ठाऊक नव्हतं थोडंच? पण शाळेला सुट्टी, झोप उशिरापर्यंत, आणि बादली घेऊन तीन जिने. त्या दुपारी मैत्रिणीशी फोनवर खिदळत तिने सरळ पाइप लावला.

जाळीखालच्या मिरच्या आणि झेंडू वाचले. लिंबू आठवड्याभरात वाळून कोळ झालं. काकूंनी ते माहेरच्या झाडाच्या बीपासून वाढवलं होतं. सहा उन्हाळे जपलं होतं.

पूर्णिमाला जेवण जाईना.

"बाबा, बुदैयाच्या नर्सरीत चला ना."

"एवढ्या उन्हात? काय झालं?"

"सवाल मफी, काही विचारू नका. यल्ला, चला!"

तेवढ्याच उंचीचं लिंबू मिळालं. तिने ते जुन्या कुंडीत लावलं आणि पुढचा महिनाभर रोज पहाटे बादली वर नेली. एकही दिवस चुकवला नाही. तरी मनातली टोचणी जाईना.

काकू परतल्या त्या बॅगा जिन्यातच टाकून गच्चीवर गेल्या. लिंबाच्या पानांवर हात ठेवून खूप वेळ रडल्या. ते बघून पूर्णिमाला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन दिवस तिने कसेबसे काढले. चौथ्या दिवशी धीर करून काकूंचं दार वाजवलं.

"काकू, ते लिंबू..."

"बस गो बाय. त्या लिंबाचंच तुला सांगायचं होतं." काकूंचे डोळे सुजलेले होते. "आईने निघताना माझा हात सोडला नाही. एकटीला होत नाही, इथेच राहा म्हणाली. भावाने वृद्धाश्रम बघून ठेवलेला. मला काही सुचेना. शेवटी ग्रामदेवतेला मनातल्या मनात कौल लावला. लिंबू जळलं असेल तर सगळं आवरून आईकडे जायचं. जगलं असेल तर इथेच राहायचं."

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"आज सकाळी भाऊ आईला आश्रमात सोडून आला."