आईच्या आवाजातला मार्गदर्शक

मौखिक परीक्षेत पडद्यावरची आई म्हणाली, “ऊर्जिता, पटसंख्या कमी असलेल्या शाळा बंद करणंच योग्य. तुझा निष्कर्ष बदल.”

आवाज आईचाच होता. प्राध्यापक वारले तरी त्यांची संगणकीय प्रतिकृती मार्गदर्शक म्हणून काम करत राहील, असं विद्यापीठाचं धोरण होतं. वारसाची संमती तेवढी लागे. शालेय नेतृत्वात एम.एड. करणाऱ्या ऊर्जितानं ती प्राध्यापक आईच्या अंत्यसंस्काराच्या दुसऱ्याच दिवशी दिली होती.

“अशाच एका शाळेसाठी आई शिक्षण खात्याच्या दारात उपोषणाला बसली होती,” ती म्हणाली. “ती आठवण कोणी काढून टाकली?”

“काढलेली नाही गं, थोडी सौम्य केलीय,” विभागप्रमुख टिल्लू सर हसले. “मॅडम जरा तापटच होत्या ना!”

“मग मी संमती मागे घेते.”

“वेडी आहेस का? मार्गदर्शक गेला की नोंदणी रद्द. पुन्हा पहिल्या वर्षापासून सगळं. आणि हा आवाज तुला परत कधी ऐकू येणार नाही.”

“निष्कर्ष बदल, बाळा,” पडद्यावरची आई हळूच म्हणाली.

ऊर्जितानं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग संमती मागे घ्यायला तिनं टेबलावरच्या यंत्रावर अंगठा ठेवला. पडदा काळा झाला.

“सर,” तिनं विचारलं, “पहिल्या वर्षाचे वर्ग कधी सुरू होतात?”