घोडेस्वाराचा रुपया

"आजी, हा आटवू नका. मला द्या."

मधु इतक्या घाईनं बोलला, की आष्ट्याच्या पोतदार सोनारानं हातातला चिमटा खाली ठेवला. समोर बसलेली बनुबाई आणि तिचा लेक जोतीराम या अनोळखी पँटवाल्याकडं बघत राहिले.

मधु सांगलीत विम्याच्या कचेरीत कारकून होता. नाणी जमवायचा नाद त्याला नुकताच लागला होता. इतका नुकता, की डबीत ढब्बू पैसे आणि भोकाचे पैसे यांपलीकडं काही नव्हतं. कामानिमित्त आष्ट्याला आला, की तो पोतदारांच्या दुकानात डोकावायचा. पण आज तराजूत जे पडलं होतं, तसं त्यानं कुठंच पाहिलं नव्हतं. राजाच्या छापाचा चांदीचा रुपया, आणि त्याची दुसरी बाजू कानशीनं सपाट करून तिच्यावर कुणी गावठी हातानं घोडेस्वार कोरलेला. हळदकुंकवाचा आणि तेलाचा थर बसून रुपया काळा पडला होता.

"टाक हाय त्यो," बनुबाई म्हणाली. "वीराचा. आमचं मालक गोऱ्याच्या पलटणीतनं बसऱ्याच्या लढाईला गेलं, ते तकडंच ऱ्हायलं. हाडं बी आली न्हाईत. त्येंच्या पैल्या पगारातला ह्यो रुपया घरात हुता. त्येच्यावरच घोडा काढून देव्हाऱ्यात बसवला."

रोजच्या पूजेनं घोडेस्वार झिजत आला होता. नातवाच्या लग्नाआधी टाक नवा करायचा आणि जुनी चांदी त्यातच घालायची, म्हणून मायलेक आले होते.

"नव्या टाकाला लागेल तेवढी चांदी मी देतो," मधु म्हणाला. "याच्या दुप्पट देतो. हा तेवढा मला द्या."

"ह्यात आमचं मालक हायती, बाबा."

मधु हसला. बोलण्यात तो कधी हरायचा नाही. "आजी, माणूस काय चांदीत असतो? माणूस मनात असतो."

बनुबाईनं लेकाकडं बघितलं. जोतीराम म्हणाला, "आये, न्हाई तरी आटवायचाच हाय की. टाक चांगला मोठा हुईल." सोनारानंही मान हलवली. म्हातारीनं रुपया पदरानं पुसला, कपाळाला लावला आणि मधुच्या हातावर ठेवला.

घरी आल्या आल्या मधुनं बायकोकडून, चारुलतेकडून, चिंच मागून घेतली. चिंच झाली, राख झाली, शेवटी जुना दातांचा ब्रश झाला. थर सुटत गेला, तसतसा राजाचा चेहरा वर आला. दाढीचे केस मोजावेत इतका स्वच्छ. रुपया आरशासारखा लखलखला. त्यानं तो मोठ्या ऐटीत चारुलतेपुढं धरला.

तिनं उलटासुलटा करून पाहिला. "छान झालाय हो. पण घोडा कुठंय?"

घोडा नव्हता. उजेडात तिरपं धरलं, तर शेपटीची एक रेघ तेवढी दिसत होती. कोरीव काम कधीचंच झिजून गेलं होतं. दिसत होता तो रेघांच्या जागी साचलेला काळेपणाच.

तरीही तो रुपया घेऊन सातारला गेला. तिथं नाण्यांतले एक जाणते गृहस्थ राहत होते. त्यांनी भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं, आणि नाणं अलगद टेबलावर ठेवलं.

"असं नाणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं," ते म्हणाले. "आता पाहायला मिळणारही नाही. घासायच्या आधी यायचं होतंत."

पुढं आष्ट्याला जायची वेळ आली, तेव्हा मधु पोतदारांचं दुकान टाळूनच चालला होता. पण सोनारानं हाक मारली. "अहो, ती म्हातारी दर बाजाराला येऊन विचारते, सांगलीचे पाहुणे आले होते का म्हणून. नवा टाक चांगला झालाय, पण तिचं मन लागत नाही. नैवेद्य दाखवताना हात अडतो म्हणते."

त्या दिवशी मधु तसाच परतला. घोडा नसला, तरी चांदी तीच होती, रुपया तोच होता, असं त्यानं मनाला चार वेळा बजावलं, आणि पुढच्या रविवारी पत्ता विचारत विचारत बनुबाईच्या वस्तीवर पोचला.

ती ओसरीवर शेंगा फोडत होती. त्याला बघताच हातातल्या शेंगा टाकून उठली. तोंडभर हसली. "आलासा? आनलंय न्हवं त्येस्नी?" तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि ओंजळ पुढं केली.

मधुनं रुपया तिच्या ओंजळीत ठेवला.

बनुबाईनं तो उजेडाकडं धरला. अंगठा फिरवला. उलटा केला, पुन्हा अंगठा फिरवला. मग त्याच्या मुठीकडं बघितलं, अजून काही त्यात राहिलंय का म्हणून.

"ह्यो न्हवं."

"आजी, तोच आहे. शपथ घेतो. मी फक्त स्वच्छ केला."

"बाकीचं देव आमी सणाला उजळतो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाला समजवावं तसं ती बोलत होती. "ह्येला कवा चिच लावली न्हाई."

तिनं त्याचा हात धरून रुपया त्याच्या तळव्यावर ठेवला आणि बोटं एकेक करून मिटली.

"आमचं मालक काळं हुतं, बाबा."