बांगडीएवढी जागा

"दाजी, आक्काला जाऊन अजून तेरा दिवस झाले नाहीत, आणि तुम्ही गाडीखाली?" मेहुणा ओरडला.

"तिचंच काम राहिलंय," मी खालूनच म्हणालो.

ही जुनी पिकअप आम्ही नवरा-बायकोनं मिळून उभी केली. गाडी जमिनीलगत खाली बसवायचा हट्ट माझा होता, दोन सायलेन्सरचा तिचा. पाइप मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, खालून नेले असते तर स्पीडब्रेकरला घासले असते. म्हणून ॲक्सलच्या वरून न्यायचं ठरलं. गाडी भरल्यावरही पाइप आणि ॲक्सलमध्ये बांगडीएवढी जागा राहिली पाहिजे, असं ती म्हणायची. मापाला तिनं हातातली काचेची बांगडी काढून पान्यांच्या डब्यात ठेवली होती.

"तिथं दोन पाइप मावत नाहीत. एक कापून टाका," मेहुणा म्हणाला. "आक्काला काय कळत होतं त्यातलं?"

मी बाहेर आलो. ओसरीवर भेटायला आलेले आठ पाहुणे बसले होते. "उठा सगळे. मागं हौद्यात चढा."

"अहो, सुतकात हे काय?"

"चढा म्हणतो ना."

मी परत गाडीखाली शिरलो आणि उजव्या पाइपाखाली, ॲक्सलवर बांगडी उभी धरली. टोप्या सावरत एकेक जण चढला, शेवटी मेहुणाही चढला. गाडी करकरली आणि दबली. पाइप बांगडीच्या अगदी जवळ येऊन थांबला.

"फुटली का?" मेहुण्यानं वरून विचारलं.

"तुझ्या आक्काचं माप आहे ते," मी म्हणालो. "आता उतरा आणि परत चढा. डावा पाइप राहिलाय."