बाकडी नसलेली नाव

"एका मतानं! आप्पा एका मतानं पडले!" भागवतनं मोटारसायकल दारातच आडवी घातली. "घरातलंच कुणीतरी फुटलंय."

बबितानं कडेवरच्या सोनूला घट्ट धरलं. नवऱ्याकडं बघायची तिची छाती झाली नाही.

तिचे सासरे, भागवतचे आप्पा, रंगनाथशेठ लाकडाचे व्यापारी. निजामाच्या राज्यात त्यांच्या आजोबांनी गंगेत, म्हणजे गोदावरीत, पहिली नाव सोडली, तेव्हापासून पल्याड जायचं ते यांच्याच नावेतून. यंदा मुंजाजी "पूल आणतो" म्हणत सरपंचपदाला उभा राहिला आणि भावकी खवळली. पूल झाल्यावर नावेत कोण बसणार? भावकीनं शेठना बळंच उभं केलं.

बबितानं सासऱ्यांचं सोडून मुंजाजीचं बटण दाबलं होतं. कारण दवाखाना पल्याड, आणि सोनू जन्मली ती गेल्या पुरात, भर धारेत, नावेतच. वल्हं शेठच्या हातात होतं.

शेठनी घरात कुणाला मत मागितलंच नाही. प्रचार सोडून लिंबाखाली नवी नाव बांधत बसायचे. रुंद, सपाट. लोक टोमणे मारायचे, "शेठ, बाकडी इसरलात की!"

"निकाल लागला की कळंल," शेठ म्हणायचे.

हलगी जवळ आली. मुंजाजीची मिरवणूक दाराशीच थांबली.

"दार लावा!" भागवत ओरडला.

शेठ उठले, बाहेर गेले आणि मुंजाजीला कडकडून भेटले. "आता पूल लवकर आण बाबा. नाव तयार हाय."

"नाव? ती कशाला, काका?"

"मंग पुलाची खडी, लोखंड काय उडत जाणार हाय पल्याड? बाकडी कशाला ठिवू तिच्यात?"

मिरवणूक खो खो हसली. सासूबाईंनी, चांगुणाबाईंनी, कपाळावर हात मारला. "आवो, तुमी पडलात का निवडून आलात?"

हलगी पुढं सरकली. गुलालानं माखलेले शेठ आत आले. आता लपवणं बबिताला जमेना.

"मामा, ते फुटलेलं मत... माझं हाय."

शेठनी बोटावरचा गुलाल सोनूच्या कपाळाला लावला.

"एक न्हाई पोरी, दोन फुटली," ते हळूच म्हणाले. "दुसरं माझं."