गुडघ्याचा फोटो

डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचा एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला आणि मिस्त्री पुढे वाकून बघू लागला. पस्तीस वर्षं फरश्या बसवलेला माणूस तो. सांधा कसा असावा हे त्याला कुणी शिकवायला नको. या फोटोत सांधा औषधालाही उरला नव्हता. हाडावर हाड टेकलेलं.

म्हणजे ऑपरेशन. म्हणजे संपलंच सगळं. त्याच्या मेव्हण्याचं झालं होतं. सांधा बदलला, दुखणं पळालं, गडी आता बाजार पालथा घालून येतो. पण गुडघे टेकायचं म्हटलं की त्याला जमत नाही. त्याचं ठीक आहे, तो खुर्चीत बसून तिकिटं फाडतो. ज्याचा धंदाच गुडघ्यांवर, त्यानं काय उभ्याउभ्या फरशी बसवायची?

"आजवर काय काय केलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय नाही केलं ते विचारा," सोबत आलेली बायको म्हणाली. तेलं झाली, पट्टा झाला. गोळीनं दिवस निघायचा, पण पोट बिघडायचं. गुडघ्यात सुई टोचून घेतली तेव्हा दीड महिना स्वारी नुसती हवेत होती. मग परत जैसे थे.

"आणि व्यायाम?"

मिस्त्री दवाखान्याच्या फरशीचे सांधे न्याहाळू लागला.

"मग आधी तोच. तीन महिने, न चुकता. मांड्या बळकट झाल्या की गुडघ्यावरचा भार हलका होतो. वजन थोडं उतरवा. कामाला बसताना खाली जाड गादी घ्या. एवढ्यानं नाहीच भागलं तर ऑपरेशन आहेच, ते कुठे पळून जात नाही."

मिस्त्रीचं डोकं फिरलं. "अहो बाई, गरिबाची थट्टा करता का? पाय वरखाली करून घासलेलं हाड भरून येतं होय?"

"हाड नाही भरून येणार. दुखणं कमी होईल."

"हा असला फोटो असताना?" त्यानं पेटीकडे बोट केलं. "उगाच आशा लावू नका. तारीख सांगा, एकदाचा मोकळा होतो."

डॉक्टरीणबाई खुर्चीत मागे रेलल्या. "दुखतो तो कुठला?"

"डावा."

"आणि उजवा?"

"उजवा?" मिस्त्रीनं उजव्या गुडघ्यावर थाप मारली. "हा एकदम ठणठणीत! याच्याच जिवावर तर दिवस काढतोय."

"मिस्त्री, हा फोटो त्याचाच आहे. डाव्याचा इथे पाकिटात आहे, तो याच्यापेक्षा पुष्कळ बरा दिसतो. फोटोवरून दुखणं कळतंच असं नाही."

मिस्त्रीनं फोटोकडे बघितलं. मग आपल्या गुडघ्याकडे. मग पुन्हा फोटोकडे. त्याचा जीव असा काही भांड्यात पडला की डोळ्यांत पाणीच आलं, आणि ते लपवायला तो उगाचच मोठ्यानं खोकला. "दिवसातून किती वेळा करायचा म्हणालात व्यायाम?"

बायको तोंडावर हात धरून हसत होती. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "उजव्याला हा फोटो आजवर कुणी दाखवला नाही!"