बुडाचा लाल ठिपका

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या नाकात घालायच्या थेंबांच्या बाटल्या मी भरते. मेंदूतच तयार होणाऱ्या एका द्रव्याचे थेंब आहेत ते. काल ज्या दांडगट उंदराने चावून रक्तबंबाळ केलं, नाकात थेंब पडले की चावा खाल्लेला बिचारा उंदीर त्याच्याच कुशीत जाऊन झोपतो. कुठल्या बाटलीत औषध आणि कुठल्यात नुसतं पाणी, हे प्रयोग करणाऱ्यांना कळू द्यायचं नसतं. म्हणून औषधाच्या बाटलीच्या बुडाला मी माझ्या लाल नेलपॉलिशचा बारीक ठिपका देते. ही खूण फक्त मला ठाऊक, आणि तिथलंच स्टोअर सांभाळणाऱ्या माझ्या नवऱ्याला.

आज सकाळी ताई फोनवर रडकुंडीला आली होती. "अगं, नवऱ्याने हात मुरगळला म्हणून माझ्याकडे पळून आलीस, आणि परत त्याच्याच घरी? तुला भीती कशी वाटत नाही गं?"

"तो सुधारलाय ताई. तुझ्याकडे रडून रडून माझं नाक चोंदलं होतं, तर थेंब घेऊन धावत आला. अजून रोज स्वतःच्या हाताने घालतो."

बोलता बोलता उशाजवळची बाटली मी सहज उलटी केली. बुडाला लाल ठिपका होता.

मी फोन ठेवून दिला. दार उघडंच होतं. पळ, आत्ताच्या आत्ता पळ, असं मन ओरडत होतं. तेवढ्यात तो आत आला, माझ्या हातातली बाटली हळूच काढून घेत म्हणाला, "आजचे थेंब राहिलेत ना, राणी?"



मी डोकं मागे टेकवलं, त्याच्याच छातीवर.