आहे एवढं कळतं

चर्चच्या भावी पाळकांना देवाविषयी शिकवण्यात सरांची सारी हयात गेली. म्हातारपणी मात्र स्मरणशक्तीनं दगा दिला, आणि ते स्वतःच्या बायकोलाही "अहो बाई" म्हणू लागले. तिच्या ते जिव्हारी लागायचं, पण ती हसून वेळ मारून न्यायची.

एका सकाळी ती त्यांना स्वेटर चढवत होती, तेव्हा सर हळूच म्हणाले, "अहो बाई, या घरात माझ्यावर जीव असलेलं कुणीतरी आहे."

"कशावरून म्हणता?"

"चष्मा रोज पुसलेला असतो. तुटलेलं बटण दुसऱ्या दिवशी जागेवर येतं. चहानं कधी जीभ पोळत नाही. आपोआप होतं होय हे सगळं?"

"मग कोण असेल?" तिनं विचारलं.

"तिथंच तर घोडं अडतं. आहे एवढं कळतं. पण कोण, ते ज्याचं त्यानं सांगितल्याशिवाय कसं कळणार?"

ती चमकली. सृष्टी बघून देव आहे एवढं कळतं, पण तो कोण हे त्यानंच सांगावं लागतं, असं सर वर्गात जन्मभर सांगत आले होते. आणि ती वेडी इतके महिने वाट बघत होती, ते आपण होऊन ओळखतील म्हणून!

तिनं त्यांचा हात हातात घेतला. "अहो, मीच ती. तुमची बायको."

सरांचा चेहरा खुलला.

"बरं झालं बाई, सांगितलंत. आभार कुणाचे मानायचे, तेच कळत नव्हतं."